खालचा माणूस

कपाट जिन्याने वर न्यायचं तर माणसं लागतात दोन, एक वर आणि एक खाली. वरचा उलट्या पावलांनी चढतो आणि तोंडाने वाट दाखवतो. "डावीकडे घे. वळण आलं. टेकव जरा." खालचा बोलत नाही. कपाटाचं सगळं वजन त्याच्या छातीवर असतं, आणि वजनाखाली ज्याला गप्पा सुचतात त्याच्यापर्यंत वजन पोचलेलंच नसतं, असं जॅकचं म्हणणं. म्हणून मजबूत माणूस नेहमी खाली. घरसामान हलवणाऱ्यांचा हा पहिला नियम. जॅकने उभा जन्म या नियमाखाली काढला होता.

जॅक हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गाडीचं चाक बदलताना खाली सरकवतात तो जॅक. टेम्पोवरच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव असं चिकटलं की त्याच्या सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी "आमचे जॅकराव" म्हणायला लागल्या होत्या. त्याची बायको त्याच धंद्यातली, पॅकिंगवाली. टेम्पोवरचे सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून गल्लीही म्हणे, आणि आपणही वहिनीच म्हणू. वहिनीचेही नियम होते. ताटल्या खोक्यात उभ्या भरायच्या, आडव्या रचल्या की तळातली तडकते. खोकं बंद केलं की कानाशी धरून हलवायचं. आत काही वाजलं तर आळस न करता पुन्हा उघडायचं.

अपघात झाला त्या दिवशी वर होता धाकटा, म्हणजे जॅकचा सख्खा भाऊ, आणि खाली अर्थातच जॅक. मधे एक जुनं लाकडी कपाट, खानदानी बाईसारखं अंगाने भरलेलं. वळणावरची पायरी कुणीतरी नुकतीच पुसली होती. धाकट्याचा पाय सटकला. तो ओरडला, "सोड दादा, बाजूला हो!" बाजूला व्हायला जागाही होती. पण ज्याने जन्मात कधी ओझं सोडलं नाही त्याचे हात ऐन वेळी कसे सुटणार? कपाटाने जॅकला भिंतीशी दाबलं आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

कपाटाला ओरखडासुद्धा आला नाही. मालकीणबाई दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हाडात सळई बसली, टाके निघाले, घरी जायचा दिवस आला. घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या काकू तेव्हाच मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी वहिनीच्या हातात किल्ली ठेवली. "मी येईपर्यंत इथेच राहा. तेवढं माझ्या झाडांना पाणी घाल, आणि त्या बोक्याला लाडावू नकोस, तो मूळचाच लबाड आहे." अशी ती दोघं स्वतःच्याच इमारतीत पाहुणी झाली.

धाकटा रोज यायचा. येताना मोसंबी आणायचा. इतकी मोसंबी, की वहिनीला ती अख्ख्या इमारतीत वाटावी लागली. पण उंबरठ्याच्या आत यायचा नाही. दारात उभा राहून विचारायचा, "वहिनी, कसा आहे दादा?"

दादा हाताच्या अंतरावर खाटेवर बसलेला.

"दादा इथेच आहे," जॅक म्हणायचा. "त्यालाच विचार की."

"बरं वहिनी, निघतो मी," धाकटा म्हणायचा आणि पिशवी ठेवून निघून जायचा.

व्यायाम शिकवायला यायच्या त्या ताई. वयाने लेकीएवढ्या, बारीक चणीच्या, पण आवाज असा की बोकासुद्धा उठून बसायचा. पहिल्या दिवशी आल्या आणि दारातच थबकल्या. जॅकच्या गुडघ्याखाली उशी, दोन्ही बाजूंना उशा, पावलांशी गोधडीची गुंडाळी, पाठीमागे लोड. माणूस इंचभर हलणार नाही असा बेत.

"वहिनी," ताई म्हणाल्या, "हे पार्सल कुठे पाठवायचंय?"

वहिनी ओशाळली. "पाय फुटलाय ना हो त्यांचा."

"फुटला होता. आता जुळतोय. असाच बांधून ठेवलात तर गंजेल. काढा सगळं."

वहिनीने एकेक उशी काढली. जॅक मात्र खूश झाला. "बघ, मी सांगत होतो. श्वास घ्यायला एक भोक तरी ठेव म्हणून."

महिने गेले. मांडीत ताकद आली. जॅक काठी घेऊन खोलीत फिरू लागला, अंगणातल्या नळापर्यंत जाऊ लागला, बोक्याशी भांडू लागला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरून मान डोलावली. राहिला होता फक्त जिना. तो तर दाराबाहेरच होता, दगडी, रुंद, वळणावळणाचा. जॅकला त्याची पायरी अन् पायरी ठाऊक होती.

ताईंनी काठी कशी धरायची, कठडा कसा धरायचा ते दाखवलं. "आणि आता नीट ऐका काका. चढताना चांगला पाय आधी. मग दुखरा. मग काठी. कळलं?"

"कळलं," जॅक म्हणाला, आणि दुखरा पाय उचलून पायरीवर ठेवला.

अंगाचा भार त्या पायावर आला, गुडघा लटपटला, आणि ताईंनी त्याला आधारासाठी कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून सावरलं.

"कुठला पाय म्हटलं मी?"

"चांगला."

"आणि टाकलात कुठला?"

जॅकने आपल्या पायाकडे पाहिलं, कालच कामाला लागलेल्या आणि आजच शब्द न ऐकणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. "ताई, चांगला वर पाठवला तर खाली कोण राहणार? वजन खालच्यावर असतं. खाली मजबूतच लागतो."

ताई तिथेच पायरीवर बसल्या. वर गेलेल्या पायालाच पुढे सगळं अंग वर घ्यावं लागतं, हे त्यांनी बोटं उभी आडवी करून दाखवलं. जॅकने सगळं ऐकलं. पटलंही त्याला. उठला, आणि पुन्हा दुखरा पाय आधी टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. डोक्याला कळत होतं, पण पाय हा डोक्यापेक्षा जुना कामगार. तो कशाला नवीन साहेबाचं ऐकतोय?

"माझ्याकडे एक नाचणाऱ्या बाई होत्या," जाताना ताई वहिनीला अंगणात म्हणाल्या. "पाय मोडला होता, तरी टाच टेकवायला तयारच नव्हत्या. आयुष्यभर चवड्यावर उभ्या. प्रत्येक जण दुखण्यात आपला धंदा बरोबर घेऊन येतो बघा. मी नवं शिकवू शकते, पण काकांचं जुनं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. काही सुचलं तर सांगा."

वहिनीला काही सुचलं नाही. जॅकला मात्र सुचलं. ती झाडांना पाणी घालत असताना तो एकटाच जिन्याशी गेला. धप्प असा आवाज आला. वहिनी तांब्या टाकून धावली, तर जॅक पायरीवर बसलेला, काठी चार पायऱ्या खाली. लागलं नव्हतं कुठे. पण चेहरा असा, की त्यापेक्षा लागलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं.

नेमका त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"रविवारी येतेय मी," काकू म्हणाल्या. "आणि ऐक गं, माझ्या डोक्यात एक आलंय. मला हवेशीर खोल्यांची हौस आहे, गुडघे अजून शाबूत आहेत. तुमचं वरचं घर मी घेते, माझं खालचं तुम्ही घ्या. कायमचं. तुझ्या नवऱ्याला त्या जिन्याचा जाच नको. आले की सांगा."

काकूंच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच नाही म्हणायला काही कारण सापडेना.

"हो म्हणून टाक," जॅक म्हणाला.

"विचार तरी करा."

"केला. खालचा माणूस खालीच बरा." आणि तो हसला.

ते हसणं वहिनीने मनातल्या मनात कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी वाजलं.

पण करणार काय? रविवार तोंडावर आला होता, आणि तिला हात बांधून बसण्याची सवय नव्हती. ती खोकी, रद्दी आणि सुतळी घेऊन चौथ्या मजल्यावर गेली आणि स्वतःचंच घर बांधायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, पण कुठल्या कपातून कोण चहा पितं हे तिला कधी ठाऊक नसायचं. इथे प्रत्येक कप ओळखीचा. हा कान तुटलेला जॅकचा, त्याला दुसरा चालत नाही. हा धाकट्याचा. एकेक कप गुंडाळायला तिला भलताच वेळ लागला.

दोनच खोल्या, पण पुढे गॅलरी, आणि गॅलरीतून समोरच्या गच्च्यांवर वाळणारे कपडे, रस्त्याच्या टोकाची शाळा आणि भरपूर आभाळ. आणि घरातली एकूणएक वस्तू जॅकच्या छातीवरून वर आलेली. पलंग, शिलाईमशीन, पाण्याचं पिंप, जॅकच्या सासूबाईंची आरामखुर्ची, तीही एकदा सासूबाईंसकट. खाली राहायला गेलो तर हे सगळं खाली येईल, वहिनीच्या मनात आलं, पण ज्याने वर नेलं तो माणूस कुठेतरी अधेमधेच राहील. हे कुणाला सांगावं, आणि सांगावं तर कुठल्या शब्दांत?

मग ती आरशाच्या कपाटापाशी आली. लग्नानंतर घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. अंगभर आरसा, दोन कप्पे आणि एक खण, जो फक्त डाव्या बाजूने लाथ मारली की उघडतो. वहिनी त्याला गोधडी गुंडाळायला लागली आणि थांबली. हे कपाट जिन्याने आलंच नव्हतं. जिन्याच्या वळणात ते मावेना. मग आता खाली जाणार कसं?

तिच्या डोक्यात तेव्हा एवढाच प्रश्न होता, निव्वळ धंद्यातला. ती खाली आली, चहा टाकला, एक कप जॅकच्या हातात दिला.

"अहो, ते आरशाचं कपाट खाली कसं न्यायचं?"

"जिन्यात मावत नाही ते."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर विचारतेय."

"वर नेलं तसंच. गॅलरीतून, दोराने." जॅकने कप बाजूला ठेवला. धंद्याचं निघालं की त्याचे हात आपोआप मोकळे होत. "कठड्यावर आधी गोधडी टाकायची, दोर घासू नये म्हणून. खांबाला दोराचा एक वेढा. आणि दोर धरायला वर पक्का गडी. नवशिका वर ठेवलास तर कपाट आणि तो, दोघं एकदमच रस्त्यावर."

"पण तुमचा नियम तर मजबूत माणूस खाली?"

"तो जिन्यातला गं. जिन्यात खालून रेटायचं असतं. दोरावर वरून ओढायचं असतं. ओढताना मजबूत वर. इतकी वर्षं या धंद्यात आहेस, आणि एवढं कळत नाही तुला?"

वहिनीची नजर त्याच्या पायांवर गेली. आधी एका, मग दुसऱ्या. तिथेच राहिली.

"काय बघतेस?"

"अहो," ती हळूच म्हणाली, "मग त्या दुखऱ्या गड्याला रोज वर का पाठवता?"

चहावर साय धरली. बाहेर बोका कुंडीत काहीतरी उकरत होता, त्याला कुणी हाकललं नाही. जॅकने चांगल्या मांडीवर हात ठेवला, उचलून दुखरीवर ठेवला, परत चांगलीवर नेला.

"ओढायचं," तो म्हणाला. "चांगल्याने वर जायचं आणि तिथून ओढून घ्यायचं. मग ताई काय सांगत होत्या?"

"हेच."

"मग नीट सांगायचं ना त्यांनी."

"नीटच सांगत होत्या. तुम्हीच अजून कपाटाखाली होतात."

जॅक हसला. वहिनीने हेही हसणं कानाशी धरलं. या वेळी काही वाजलं नाही.

"आरशाचं कपाट चढवलं त्या दिवशी वर तुम्ही होतात," तिने विचारलं, "मग खाली कोण होतं हो?" तिला चांगलं ठाऊक होतं. काही गोष्टी विचारून घेतलेल्या बऱ्या असतात.

"धाकटा. खालून दोरी धरून. आरसा भिंतीवर आदळू नये म्हणून तोल सांभाळत होता. मिसरूडही फुटलं नव्हतं नीट, पण हात हलला नाही त्याचा. मला तो दिसतही नव्हता गं. नुसती दोरी ताणलेली कळत होती. तेवढ्यावर मी बिनघोर ओढत होतो." जॅकने कप पुन्हा उचलला. "बोलाव त्याला. आणि मोसंबी नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या तेव्हा वहिनीने त्यांना कपाटाची गोष्ट सांगितली. ताई आधी हसल्या, मग कपाळाला हात लावला. "मी आठवडाभर बोटं नाचवतेय, आणि हवा होता दोर! चला, आज पहिल्या वळणापर्यंत. एक माणूस मागे, एक पायरी खाली. पट्ट्याला हात, पण ओढायचं नाही, नुसतं असायचं."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो आजही दारातच उभा होता.

"मी नाही," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही व्हा. मी असलो की काय होतं ते बघितलंय सगळ्यांनी."

"माझ्याशी बोल," जॅक म्हणाला.

धाकट्याने कित्येक महिन्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "माझा पाय घसरला, दादा."

"पायरी ओली होती. तू पुसली होतीस का?"

"नाही."

"झालं तर मग."

"पण मी ओरडलो होतो ना! सोड म्हणालो होतो. सोडलं असतंस तर..."

"हो, ते माझं चुकलं," जॅक सरळच म्हणाला. "नाही सोडता येत रे मला. ये आता, माझ्या खालच्या पायरीवर. आणि हातपाय पुसून ये, मोसंबीचा रस असेल तर निसटेन."

असा जिना चढायला सुरुवात झाली. धाकटा एक पायरी खाली, ताई बाजूला, आणि वर वहिनी, उलट्या पावलांनी. तिला ही जागा कुणी दिली नव्हती, पण वाट दाखवायला वर कुणीतरी लागतंच.

"चांगला," वहिनी म्हणाली. "ओढा. आता दुसरा. आता काठी."

चांगला पाय वर गेला आणि त्याने जॅकला ओढून घेतलं. त्याच्या मागोमाग दुखरा आला, थोरल्याचा हात धरून लहानगं यावं तसा. जॅकच्या चेहऱ्यावर नवल होतं. या जिन्यात त्याने आजवर फक्त कपाटांच्या पाठी पाहिल्या होत्या. समोर एवढी मोकळी जागा, आणि त्यात बायकोचा चेहरा, हे त्याला नवीन होतं.

"काय बघताय? पायरीकडे बघा," वहिनी म्हणाली, आणि लाजली.

पहिल्या वळणावर खुर्ची ठेवली होती. "टेकवा," वहिनी म्हणाली. जॅक बसला. ताईंनी नाडी पाहिली, गुडघा चाचपला. "छान. आजच्यापुरतं एवढं बास."

"ताई," जॅक म्हणाला, "सामान अर्ध्या जिन्यात ठेवून कुणी घरी जातं का?"

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग पुन्हा नाडी धरली, या वेळी जास्त वेळ. "प्रत्येक वळणावर बसायचं. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. तिथे कपाटाची नि दोराची सबब चालणार नाही."

खुर्चीही बरोबर वर चढू लागली. ती धाकट्याच्या दुसऱ्या हातात होती.

शेवटच्या जिन्यात मात्र चांगला पाय थरथरायला लागला. जॅकच्या मानेवरून घाम ओघळत होता. आणि दमलेल्या अंगाला जुनी वाट आठवतेच. वहिनीला वरून स्पष्ट दिसलं, चांगला पाय खाली घट्ट रोवला जातोय, आणि दुखरा सावकाश उचलतोय. मजबूत माणूस खाली. ताई ओरडणार होत्या. धाकट्याने डोळे मिटून घेतले, पण पट्टा सोडला नाही.

"दोर," वहिनी म्हणाली. एवढंच.

दुखरा पाय हवेत थांबला. मग मुकाट्याने होता तिथे परत गेला. जॅकने मोठा श्वास घेतला, चांगला पाय वर ठेवला, आणि स्वतःला ओढून घेतलं. उरलेल्या पायऱ्यांवर वहिनीला काही सांगावंच लागलं नाही. तरी ती सांगत राहिली.

दार उघडंच होतं. जॅक उंबरठा ओलांडून आत आला, आरामखुर्चीत बसला आणि चहूकडे पाहिलं. सगळीकडे सुतळीने बांधलेली खोकी.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, हो म्हणून टाक."

"उघड सगळं. आणि काकूंना सांग, वारा खायला रोज वर या. घर मात्र ज्याचं त्याला." मग ताईंकडे वळला. "उतरायचं कसं हो?"

"दुखरा पाय आधी," ताई म्हणाल्या. "पण ते मी शिकवणार, तुम्ही काही सुचवायचं नाही."

"ते सोपंय. उतरताना वर मजबूतच लागतो."

वहिनी रद्दीतून कप सोडवायला लागली. आधी कान तुटलेला, मग धाकट्याचा. धाकटा अजून दाराच्या चौकटीला टेकून धापा टाकत होता. सबंध जिन्यात जॅकचा एवढासाही भार त्याच्या हातावर आला नव्हता, तरी त्याची पाठ घामाने चिंब झाली होती.

"काय रे, दमलास?" जॅकने विचारलं.

"जड आहेस तू, दादा."

"मग सोडायचं होतंस," जॅक म्हणाला.

धाकटा उंबरठा ओलांडून आत आला आणि भावाच्या पायाशी, जमिनीवर, धपकन बसला.